आत्यांची हळदीकुंकू बदकं

आत्या आपलं प्रत्येक बदक आधी बादलीत सोडायच्या. लाकडाचं बदक, दिवसच्या दिवस खपून कोरलेलं, ज्याला पुढे जन्मभर कुणाच्या तरी शोकेसमध्येच बसायचं आहे. ते पाण्यावर सरळ बसलं तर ठीक. एका अंगाला कललं की आत्या कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "पिऊन आलंय मेलं!" मग ते पुसायचं, वाळवायचं, पोटाकडून पटाशीने जरासं तासायचं आणि पुन्हा बादलीत. "शोकेसमध्ये कोण बघायला जातंय, आत्या?" असं मी विचारलं की त्या माझ्यावरच डाफरायच्या. "बदक म्हनून देतोय न्हवं? मग त्याला पवता आलं पायजे की!"

त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत; सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या आत्या. त्यांचे यजमान मागाचे धोटे करायचे. सूत पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारे ते लाकडी धोटे आत्या कानशीने घासून, काचकागदाने गुळगुळीत करून द्यायच्या. पुढे यजमान गेले आणि मागोमाग धोट्यांचं कामही गेलं, कारण बिनधोट्याचे माग आले. घरात उरली ती लाकडाची रास. त्या हिवाळ्यात आत्या कंबर तलावावर जाऊन बदकं बघत बसायला लागल्या आणि एक दिवस घरी येऊन त्यांनी राशीतलं एक लाकूड उचललं. ही कला तुम्हाला कुणी शिकवली, असं कुणी कौतुकाने विचारलं की त्या म्हणायच्या, "कला कसली आलीय? धोट्याला मान लावली की बदक हुतंय."

पण ते तितकं सोपं नव्हतं, आणि हे त्यांनाही पक्कं माहीत होतं. पुण्याच्या एका बाईंनी फोन करून राजहंसांची जोडी मागितली, तर आत्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. "कंबर तलावात राजहंस कुटं हाय? मी बघितलंच न्हाय, तर करू कसं?" त्या बाईंनी फोटो पाठवला. आत्यांनी तो माझ्या मोबाइलवर नीट पाहिला आणि म्हणाल्या, "मान लई वर हाय. माझं न्हाय जमायचं ह्याच्यासंगं." बदकाचे डोळे त्या तापवलेल्या खिळ्याने पाडायच्या. ते पाडून झाले की ओठावर बोट ठेवून मला दटावायच्या, "आता हळू बोल. बघतंय ते."

त्यांचं सगळ्यांत लाडकं म्हणजे हळदीकुंकू बदक. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना नाव का पडलं हे सांगायला नको. काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका, आणि चोच जिथे कपाळाला भिडते तिथे दोन्ही बाजूंना लाल टिकल्या. आत्या आधी पिवळा रंग देऊन वाळवायच्या आणि लाल सगळ्यांत शेवटी. एकदा असाच लाल लावता लावता त्या हसून म्हणाल्या, "ह्यांचं बरं हाय बघ. नर असू दे न्हायतर मादी, दोगांच्या बी तोंडावर हळदीकुंकू. एक गेलं म्हनून दुसऱ्याचं पुसाया पान्यात कोन उतरतंय?" मला हसू आलं नाही. त्यांचं स्वतःचं कपाळ यजमान गेल्यापासून मोकळं होतं.

नळाच्या पाण्यावरून, कचऱ्याच्या गाडीवरून, भाजीवाल्याच्या तराजूवरून आत्या कुणाशीही दोन हात करायच्या. पण संक्रांतीच्या दिवसांत ही वाघीण शेळी व्हायची. बायका हळदीकुंकवाला बाहेर पडायच्या वेळेला आत्या दाराला कडी घालायच्या आणि मागच्या बोळातून तलावावर निघून जायच्या. "सवाष्णींची ये-जा असती. उगं कुनाच्या आडवं कशाला जायाचं?" मला भयंकर राग यायचा. गल्लीचा यायचा, आणि निमूट मागच्या बोळाने जाणाऱ्या आत्यांचाही यायचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटायचे नाहीत, असं मी ठरवलं. वाण म्हणून आत्यांकडून मुठीएवढी हळदीकुंकू बदकं करून घ्यायची. आईला कल्पना फार आवडली. "मग आत्यांना पण बोलवायचं," मी म्हणाले. आई घुटमळली. "मला काही नाही गं. पण त्यांनाच अवघड होईल." आपल्याकडे माणसाला बाहेर ठेवायचं असलं की त्याच्याच सोयीचं कारण सापडतं.

संक्रांतीनंतरच्या त्या शुक्रवारी घर बायकांनी भरलं होतं आणि आत्या बदकांची पाटी घेऊन दाराशी आल्या. पाटी उंबऱ्याच्या आत सरकवून त्या तशाच वळणार, तेवढ्यात करंडा हातात घेतलेल्या आईने वरचं बदक उचललं. "अगंबाई! हिचं कुंकू राहिलं की." आत्या वरमल्या. पाण्यात कलणारं बदक न खपवून घेणाऱ्या बाईच्या हातून लाल टिकल्याच राहिल्या होत्या. "आना हिकडं वैनी, लावून आनते." "आता कुठे परत जाता?" असं म्हणत आईने करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि बदकाच्या चोचीला दोन्ही बाजूंनी लावलं. बायका हसल्या. दुपारपासून आई एकामागून एक कपाळांना कुंकू लावत होती, हाताला तेच वळण पडलं होतं. पुढचं कपाळ समोर आलं आणि तिच्या हाताने तिला न विचारता तिथेही कुंकू टेकवलं. ते कपाळ आत्यांचं होतं.

आईचा हात तसाच हवेत राहिला, चेहरा पांढराफटक पडला. आता आत्या ते पदराने पुसणार, असंच मला वाटलं. आणि आत्या म्हणाल्या, "वैनी, उलटं झालं की वो. आदी हळद लावत्यात."

आईने हळद लावली. ती घाईत जरा पसरलीच. मग तिने आत्यांना हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं, सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध बसवलं, तीळगूळ दिला आणि वाण म्हणून तेच बदक हातात ठेवलं. "माझंच मला देताय व्हय?" आत्या म्हणाल्या, आणि आई हसता हसता रडायला लागली.

त्या उन्हाळ्यात आत्या गेल्या, झोपेतच. त्यांची पटाशी माढ्याचा भाचा घेऊन गेला. मला अजून त्यांची फार आठवण येते, आणि येते ती त्याच संध्याकाळची. आमच्याकडून निघालेल्या आत्या मागच्या बोळात वळल्या नाहीत, पुढच्या रस्त्याने घरी गेल्या. चार घरांची वाट, पण त्यांना तासभर लागला. मी गच्चीतून बघत होते. दिसेल त्या दाराशी त्या थांबत होत्या, मान वर करून काहीबाही विचारत होत्या. पिठाच्या गिरणीची घरघर पार आमच्यापर्यंत ऐकू येत होती. तिथेही आत्या थांबल्या आणि गिरणीवाल्याने वर बघावं म्हणून मोठ्यांदा ओरडल्या, "का वो, गिरनी चालू हाय का?"