चालतं नाणं

चिंचेने तांबं घासल्याचा वास आला की महायुद्धाच्या दिवसांतलं साताऱ्याचं घर आठवतं. थोरल्या भावाला छंद दोन, जुन्या शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, आणि गाण्याच्या तबकड्या. पगारातून उरलेल्या पैशांत एकच भागे. आजारी वहिनीने एक तबकडी मागितली, तेव्हा दादाने नुकतीच एक शिवराई घेतली होती. "आवं, तुमची नाणी गात्यात व्हय?" दादा म्हणाला, "पुढल्या महिन्यात आणतो." पुढल्या महिन्यात ती गेली. सवाष्ण म्हणून बायका तिची ओटी भरत असताना दादाने सर्वांत दुर्मीळ शिवराई ओटीत ठेवली. शेजारच्या म्हातारीने ती उचलून परत दिली. "आरं बाबा, चालतं नाणं घाल. हे तिकडं कोण घेतंय?" एरवी नाण्यांवर व्याख्यानं झोडणाऱ्या दादाने ती खिशात ठेवून रुपया काढला. ती शिवराई आता माझ्याकडे आहे. जाणकार तिचं मोल फार सांगतात. मी ऐकून घेतो.