विहिरीचं पाणी आणि पहिली धार

तुमचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. कागदावर काळ्या शाईचा ठिपका आहे आणि पाणी वर चढत जातं तसा काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा सुटा होत जातो. धाकटीने विचारलं आहे, आजी, तू शाळेत हे शिकवायचीस का? शिकवायचे, शहापुरात, तीस वर्षं. गाळणकागद वेळेवर मिळत नसे, म्हणून फळ्याचा खडू घ्यायचे. खडूला खालच्या बाजूला शाईचं कडं काढायचं आणि तो बशीभर पाण्यात उभा करायचा. एवढं उत्तर फोनवर देता आलं असतं. पुढचं लिहूनच सांगता येईल.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात माझी एक जुनी विद्यार्थिनी मुरबाडहून एसटीने आली. तिचा पाडा सिद्धगडाच्या पायथ्याला. शाळेत असताना ती इथल्या वसतिगृहात राहायची, आता पाड्यावरची अंगणवाडी चालवते. तिने पिशवीतून बाटली काढली. आत लालसर पाणी होतं.

"आमच्या हिरीचं हाय, बाई. वरच्या ओढ्यात कोनीतरी केमिकलचा टँकर रिकामा केला."

"अर्ज दिलात?"

"दोन दिले. नमुना नेलाय म्हनतात." दुसरं पाणी दीड तासावरच्या झऱ्याला होतं आणि तिथलीही धार बारीक झाली होती. घरी म्हातारी आई आणि लहान मुलगी. "प्यायपुरतं तरी साफ करता येईल का, तेवढं सांगा."

मी पाणी आटवलं, खडूला त्याचं कडं काढलं. अर्ध्या तासात तीन पट्टे चढले, गुलाबी, नारिंगी आणि अगदी वर फिकट पिवळा. ती वर्गात बसायची तशी हनुवटीखाली हात घेऊन बघत होती.

"तीन हायेत, बाई."

"रंग तीन आहेत. ज्याला रंग नाही ते खडू दाखवत नाही." हे मी बशी उचलता उचलता म्हणाले. तिने ऐकलं की नाही, पाहिलं नाही.

मग कुकरच्या शिटीच्या जागी रबरी नळी बसवली, नळी गार पाण्याच्या बादलीतून नेली. पेल्यात स्वच्छ पाणी ठिबकू लागलं. ऊर्ध्वपातनाच्या तासाला ती एकदा उभी राहून म्हणाली होती, "बाई, आमची आय मोहाची अशीच काढते." वर्ग हसला होता आणि मी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतं. तिने आता त्याचीच आठवण करून दिली. "आज उभी नाय ना करनार? घरी आयची मडकी हायेत, तुमच्या नळीपरीस बरी." आम्ही दोघी हसलो.

तिने पेला नाकाशी नेला. "वास येतोय जरासा."

मोठ्या आजारपणानंतर माझं नाक गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची आई इथे आली की फोडणी करपल्याचं तीच मला सांगते. मी म्हणाले, "रबराचा असेल. ऊर्ध्वपातित पाणी शुद्धच असतं." पुस्तकातलं वाक्य तोंडात तयार होतं.

महिन्याने तिचा फोन आला. आईचे डोळे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं. मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली होती. घरात बाकी कुणाला एवढं काही झालेलं नव्हतं.

"सगळे तेच पाणी पीत होतात ना?"

"तेच. पर पहिली धार आयला." मोहाच्या दारूची पहिली धार, मडक्यातून सर्वांत आधी ठिबकते ती, घरात कुणी आधी स्वतःसाठी घेत नाही. दोन थेंब देवाला, मग घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला. ती पाण्यालाही तो मान देत होती, रोज, दोन्ही वेळच्या मडक्यांतून.

पहिल्या धारेत काय उतरतं ते मी तिला सांगायला तोंड उघडलं तर तीच हळू आवाजात म्हणाली, "कमी तापावर उडतं ते आधी येतं. पेपरात आलं होतं, बाई. मी बरोबर लिवलं होतं."

"वास येतोय हे तू मला सांगितलं होतंस," मी म्हणाले.

आईचा पाय पांघरुणाबाहेर आला होता, तो तिने झाकला. कशाने झालं ते डॉक्टरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. नमुन्याचा कागद आलाच नाही. श्रावणात म्हातारी गेली.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. बाटलीतलं पाणी या वेळी नितळ होतं. दोन पावसाळ्यांत लाली धुऊन गेली होती आणि पाड्यावर सगळे विहिरीचं पाणी पुन्हा पिऊ लागले होते. मी पाणी आटवलं, कडं काढलं, खडू उभा केला. ओल टोकापर्यंत चढली. खडू पांढराच राहिला.

"म्हंजे काय नाय?"

"म्हणजे रंग नाही," मी मोठ्याने, सावकाश म्हणाले. "बाकीचं मला घरात कळणार नाही."

"मग प्यायचं का नाय?"

मी बशीतलं पाणी मोरीत ओतलं. तिने खडूकडे थोडा वेळ पाहिलं, चहा संपवला. निघताना रिकामी बाटली तेवढी मागून घेतली. स्टँडवरच्या नळाला भरून नेते म्हणाली, मुलीला आजच्यापुरती.