बिराप्पामामांचा काच

मामीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात रबराच्या चकत्या तपासत होते. "मामा गेले गं," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणाले... आणि उरलेल्या चकत्या तपासून संपवल्या. बरं काय, बरं? महिना होऊन गेला, अजून रडू आलेलं नाही.

मादन हिप्परग्याचे बिराप्पामामा. तरुणपणी मेंढरं राखली, मग शेती केली. मला इंजिनियर व्हायला गुलबर्ग्याला धाडलं ते त्यांनीच. घशाच्या कॅन्सरनं आधी त्यांचं बोलणं गेलं, मग गिळणं. डॉक्टरांनी पोटातून जेवणाची नळी बसवली. नळी जागेवर राहावी म्हणून बाहेरून एक चकती असते. तसल्या चकत्या बनवणं हेच माझं काम. म्हणून सुट्टी काढून मोठ्या तोऱ्यात गेले. नळीच्या कडेनं पेज झिरपताना दिसली, तशी चकती घट्ट आवळली. दुसऱ्या दिवशी मामांनी पाटीवर लिहिलं, काच. मी चष्मा पुसून दिला. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. मी पुन्हा पुसला, आरसासुद्धा धरला... दोन दिवस! शेवटी मामीच ओरडली, "चष्मा काय पुसायलीस? काचायलंय त्यांना! जनावराला दावं काचतंय तसं!" चकतीखालचं कातडं लालभडक, सोललेलं. शिकलेली भाची, आणि अक्कल शेण खायला गेलेली.

नर्सबाईंनी चकती सैल केली, जखम कोरडी कशी ठेवायची ते मामीला शिकवलं. मी परत येऊन नवी चकती आखली. मऊ, खाली वारा खेळेल अशी, आणि ठरल्यापेक्षा जास्त आवळताच न येणारी. नमुना दाखवायला गेले तर मामांनी तो बोटांत दाबून बघितला आणि लिहिलं, "मला कामून लावीनास?" मी म्हणाले, "चाचण्या व्हायच्यात मामा, अजून लावता येत न्हाई." त्यांनी पाटी पुसली. "व्हय. आधी मेंढरावर बघ." आणि खांदे हलवत हसले. त्यानंतर प्रत्येक फोनला मी एकच विचारायची, जखम भरली का? "भरायलीय," मामी म्हणायची. मला खरं वाटायचं नाही. माझ्या हातची जखम घेऊन मामा जाऊ नयेत, एवढंच माझं मागणं होतं.

हिप्परग्याला पोचले तेव्हा मामांना ओसरीत ठेवलं होतं. मामीनं माझा हात धरून जवळ नेलं, त्यांचा सदरा वर केला. "बघ. तुझ्या जिवाला घोर होता न्हवं? भरली." मी नळीभोवती बोट फिरवलं. कातडं कोरडं होतं, नवं, गुळगुळीत... आणि गार.