मुरोईचा शिक्का

मुरोईला स्वतःचं मत असं कधी नव्हतंच. जपानच्या एचिझेन किनाऱ्यावरच्या मेडिकल कॉलेजात, हृदयाच्या स्नायूच्या प्रयोगशाळेत तो तरुणपणी शिरला आणि इवासेसरांचा होयबा होऊन राहिला. पुढे सर निवृत्त झाले, त्यांची खुर्ची याला मिळाली, पण त्यांची री ओढायची सवय काही सुटली नाही.

इवासेसरांनी एके काळी सांगितलं होतं, की हृदयाच्या पेशीच्या बाहेरच्या पडद्याला दारं असतात, आतल्या कॅल्शियमच्या कोठारालाही दारं असतात, आणि बाहेरचं दार हललं की ते आतल्या दाराला धरून ओढतं. हातापायांच्या स्नायूत तसंच होतं. हृदयात तसं नाही, हे बाकीचं जग केव्हाच सांगून मोकळं झालं होतं. तिथं बाहेरच्या दारातून चिमूटभर कॅल्शियम आत यावं लागतं. ती चिमूट आतल्या दाराला लागली की कोठार उघडतं, पेशी आकसते, आणि आत कॅल्शियम वाढलं की बाहेरचं दार आपसूक मिटतं. मुरोई हे सगळं वाचायचा आणि नाकानं कांदे सोलायचा. परक्यांना पेशी नीट सोडवताच येत नाहीत म्हणे!

त्याची विद्यार्थिनी हिराइदे पांढऱ्या उंदरांच्या हृदयातून पेशी सुट्या करायची. तिनं भोवतीच्या पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतलं, विजेचा झटका दिला, तर पेशी ढिम्म. कॅल्शियम परत घातलं, पेशी आकसली. कितीदा केलं तरी तेच. दार नुसतं ओढून भागत असतं, तर बाहेर कॅल्शियम नसतानाही पेशी आकसायला हवी होती. मुरोईनं फर्मावलं, पेशी आजारी आहेत, टाकून द्या. त्या प्रयोगशाळेची रीतच ती. जी पेशी इवासेसरांचं ऐकत नाही ती आजारी. वर्षानुवर्षं तिथल्या मुलांनी धडधाकट पेशी मोरीत ओतल्या आणि वर ‘हो सर’ म्हटलं. हिराइदेनं मात्र आपले निकाल प्रबंधात जसेच्या तसे घातले. मुरोई त्यावर मंजुरीचा, आपल्या नावाचा शिक्का मारेना. शिक्क्याशिवाय पदवी नाही, आणि प्रबंध द्यायची मुदत त्याच हिवाळ्यात संपत होती.

शरद ऋतूत कॉलेजच्या मागच्या स्मारकाच्या दगडापाशी, प्रयोगात मेलेल्या जनावरांसाठी प्रार्थना होते. भिक्षू मंत्र म्हणतो, सगळे रांगेनं उदबत्ती लावतात. त्या वर्षी इवासेसर काठी टेकत आले. मुरोई त्यांच्यावर छत्री धरून मागे मागे. बाईची जात, हातात कौशल्य नाही, वर तुम्हाला खोटं पाडायला निघालीय, असं त्यानं हिराइदेला ऐकू जाईल अशा बेतानं सरांच्या कानी घातलं. पोरीचं वर्ष बुडवायचं आणि त्याला गुरुभक्ती म्हणायचं, इतका हा कोडगा.

सरांनी शांतपणे उदबत्ती लावली. मग म्हणाले, “ते माझं चुकलं होतं, मुरोई. मी ते कधीच सोडून दिलं.”

“मला बोलला नाहीत, सर.”

“तुम्ही विचारलंत कधी? दर नववर्षाला खेकडा घेऊन यायचात, मान खाली घालून बसायचात आणि जायचात. खेकडा चांगला असायचा.”

दुसरा कुणी असता तर तिथंच लाजेनं मेला असता. हा कमरेत वाकला आणि ‘आभारी आहे’ म्हणाला.

हिराइदे शेवंतीचं फूल ठेवून वळली. तिनं पिशवीतून प्रबंधाचं पहिलं पान काढून त्याच्यापुढे धरलं. मुरोई सवयीनं म्हणाला, “नंतर सांगतो.”

“आता कुणाला विचारून सांगणार, सर?”

आवाज चढवला नव्हता तिनं. रांगेतली मुलं जमिनीकडे बघत राहिली. मुरोईनं तिच्याकडे पाहिलं नाही, पानाकडेही नाही. त्यानं इवासेसरांकडे पाहिलं. सरांनी कंटाळून मान डोलावली, तेव्हा कुठं त्याचा हात खिशातल्या शिक्क्याकडे गेला, आणि उंदरांच्या दगडावर पान टेकवून त्यानं तो उमटवला.