सोतवोल्दीचं सोनेरी तेल

कोकंदहून ताश्कंदला माणसं नेणारे ड्रायव्हर पुष्कळ, पण सोतवोल्दीइतकं बोलणारा दुसरा नाही. त्याच्या गाडीत बसलेल्या माणसाला घाट लागण्याआधी कळतं की जग नासलं आहे, आणि घाट संपेपर्यंत कळतं की इंजिनाचं तेल बदलणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

त्याची गाडी गॅसवर चालते, तशी तिकडे बहुतेकांचीच चालते. पंपावर गॅस भरताना गाडीत कोणी बसायचं नसतं. टाकी उडालीच तर माणसं तरी वाचावीत. त्यामुळे प्रवासी फाटकाबाहेर तुतीच्या झाडाखाली ताटकळत उभे असतात, आणि असे आयते सापडलेले श्रोते सोतवोल्दी सोडतो होय? गॅस भरून झाला की तो गाडी त्यांच्यासमोर आणून उभी करी, बॉनेट उघडी, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढी आणि पांढऱ्या रुमालावर पुसून दाखवी.

"बघा, मध आहे मध! पेट्रोलवाल्यांचं तेल बघा, महिन्यात डांबर. आणि हे? दोन वर्षं झाली, हात लावलेला नाही. तेल घाण झालेलंच नाही, तर बदलायचं कशाला? तेलवाल्याच्या पोरांची लग्नं लावायला?"

लोक माना डोलवत. हा रोग काही त्याचा एकट्याचा नव्हे, कोकंदकडचं निम्मं खोरं त्याने पछाडलेलं आहे. गॅसची काजळी धरत नाही, म्हणून तेल शेवटपर्यंत गोरंगोमटं राहतं. आतून मात्र त्याचा कस जातो, थोडंथोडं जळून ते कमी होतं आणि उरलेलं घट्ट होत जातं. पण रुमालावर डाग पडत नाही ना, मग संपलं! गुरुवारच्या पुरुषांच्या बैठकीत पुलाव शिजेपर्यंत सोतवोल्दी हेच सांगे, आणि तुरोब कसायाने तर त्याचं ऐकून तेल बदलणं कधीच सोडून दिलं होतं.

ऐकत नव्हती ती फक्त बायको, सालोमात.

"अहो, तुमचा बनियनसुद्धा दिसायला स्वच्छच असतो," ती म्हणाली. "तरी मी धुतेच ना?"

"इंजिन म्हणजे बनियन नव्हे. बायकांनी त्यात नाक खुपसू नये."

"नाही खुपसत. पण रविवारी पाळणा न्यायचाय. तेवढ्यापुरतं तरी बदला."

पाळण्याची गोष्ट साधी नव्हती. मुलगी झुलेहा ताश्कंदला दिलेली, तिला पहिला मुलगा झाला होता. पहिल्या नातवाचा पाळणा आईच्या माहेराहून यायचा असतो, आणि दुपारी साऱ्या गल्लीच्या बायका जमून बाळाला त्यात प्रथम घालतात. पाळणा उशिरा आला तर त्याचे टोमणे सुनेला म्हातारपणापर्यंत पुरतात. सोतवोल्दीला हे सगळं ठाऊक होतं. तरीही त्याने उत्तरादाखल पट्टी काढून बायकोच्या नाकासमोर धरली.

रविवारी पहाटे निघाले. लाल-पिवळा रंगवलेला पाळणा टपावर बांधला होता, आत गोधड्यांचा ढीग. मागून तुरोबची गाडी, तिच्यात सालोमातच्या दोन बहिणी, रोट्यांची गाठोडी आणि खेळणी. जूनचं ऊन कामचिकच्या घाटात सकाळीच तापलं. चढ लागला तशी आतून टकटक सुरू झाली.

"काय वाजतंय?" सालोमातने विचारलं.

"पाळणा. नवीन लाकूड आहे."

मग समोर लाल दिवा लागला.

"आणि हा दिवासुद्धा लाकडाचाच का?"

"तो बिघडलाय. सगळ्यांचाच बिघडतो."

पुढच्या वळणावर इंजिनाने घरघर लावली, एक मोठा आवाज केला आणि प्राण सोडला. सोतवोल्दी उतरला, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली. टोकाला जेमतेम एक गोळा चिकटला होता. रंग अजूनही सोनेरीच, फक्त तो ओघळत नव्हता.

तुरोब मागून आला, पट्टीकडे बघितलं, आणि परत जाऊन त्याने आपली गाडी बंद केली. किल्ली खिशात टाकली.

"अरे बंद काय करतोस? पाळणा तुझ्या टपावर बांधू, चल!"

"सोतवोल्दी अका," तुरोब थोरल्या भावाला म्हणावं तसं अदबीनं म्हणाला, "माझ्यातही मधच आहे."

"पण तुझी चालतेय ना!"

"मघापर्यंत तुमचीही चालत होती."

 सालोमात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि डोक्याचा रुमाल काढून हलवू लागली. जर्दाळूंचा एक ट्रक करकचून थांबला. पाळणा पेट्यांवर चढला, रोट्या चढल्या, तिघी बायका ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसल्या. सोतवोल्दीने मागे चढायला पाय उचलला.

"वर नको, चाचा," ट्रकवाला ओरडला. "जर्दाळू चेपतील!"

"तुम्ही थांबाच," सालोमात म्हणाली. "एवढा मध राखायला कोणीतरी हवं ना."

ट्रक गेला. पहिल्या नातवाचा पाळणा जर्दाळूंबरोबर चालला आणि आजोबा घाटात उभा.  तुरोबसमोर डोळे पुसायला नकोत म्हणून सोतवोल्दीने गाडीला लाथ घातली आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुपारी फोन वाजला. सालोमात दबक्या आवाजात बोलत होती.

"वेळेवर पोचलो. बाळ पाळण्यात घातलं, झोपलंसुद्धा. ऐका, मी सांगितलंय की वाटेत कुणाचं तरी इंजिन बसलं, त्याच्या मदतीला तुम्ही थांबलात. तेच धरून बोला. पोरीची मान खाली जायला नको."

तेवढ्यात व्याह्याने, हमदम अकाने, तिच्या हातून फोन घेतला.

"वा, सोतवोल्दी अका! परक्या माणसासाठी नातवाचा सोहळा सोडलात! इथे सगळी गल्ली तुमचं नाव घेतेय. आता ऐका. सूनबाई आणि बाळाला घेऊन उद्या मीच तुमच्याकडे येतो. माझ्या गाडीनं, घाटातून."

"गाडीनं कशाला? आगगाडीनं या ना," सोतवोल्दी म्हणाला.

"छे, माझी गाडी ठणठणीत आहे. लग्नात तुम्ही कानमंत्र दिलात, तेव्हापासून तेलाला हात लावलेला नाही. अगदी सोन्यासारखं आहे!"

 लग्नात सोतवोल्दी कुणाकुणाला काय काय सांगत सुटला होता, देव जाणे.

"ऊन फार आहे, बाळाला त्रास होईल."

"काचा खाली करू."

"मग जरा तेल बदलून निघा."

"अहो, तुम्हीच नको म्हणालात की! आता बदलू म्हणता? थट्टा करताय का?"

तुरोब कान देऊन ऐकत होता. सोतवोल्दीने समोरच्या दरीकडे बघितलं. तिकडे फोनजवळच कुठेतरी बाळ जागं होऊन रडू लागलं होतं.

"व्याही," तो म्हणाला, "बसलेलं इंजिन दुसऱ्या कुणाचं नाही. माझंच आहे. मीच मारलं ते. मी तुम्हाला सांगितलं ते सगळं खोटं होतं. जुनं तेल वरून सोनेरी दिसतं, पण आत त्याचा गोळा होतो. तुमच्या पाया पडतो, माझ्या नातवाला त्या गाडीत घालू नका."

 पलीकडे हमदम अका ओरडला, पण फोनवर नाही, घरातल्यांवर: "गाडीची किल्ली आणा इकडे! कोणी हात लावायचा नाही तिला!"

तेलाबद्दल सोतवोल्दीने जन्मात दिलेला हा पहिला खरा सल्ला, आणि तो देऊन झाल्यावर तो रस्त्याच्या कडेला बसून तुरोबसमोर ढसाढसा रडला.