कळकाची उंची

१९९४ साली मी बावन्न वर्षांचा होतो. त्या सालातलं पुष्कळ विसरलो. तंजावूरकडच्या पापनाशमजवळच्या शेतातली ती गोळी विसरलो नाही.

शाळा मी चौथीत सोडली. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निघालो. कुणाच्या चिठ्ठीवर नव्हे.

एका जमीनदाराची गोळी त्याच्याच कुळाच्या मांडीत घुसली. कुळ जमीन सोडत नव्हतं, हे गावभर ठाऊक. जमीनदार तंजावूरचा, आपल्या मराठी बोलणाऱ्यांतला. ठाण्यात येऊन खुर्ची ओढून बसला.

"राव, आपण घरचे. तिन्हीसांज झालेली, भातात काही हललं, रानडुक्कर समजून चाप ओढला. अपघात लिहा."

माझ्या वरच्या साहेबांनाही तेच बरं वाटत होतं. अपघात लिहिला की कुळ लंगडं आणि जमीन मोकळी.

दुपारी नाक्यावरचा चहावाला कानाशी लागला; आमच्याकडे साहेबाला अय्या म्हणतात. "अय्या, त्याआधी आठवडाभर जमीनदार बांधावर चुना फासलेले बांबूचे कळक रोवून बंदुकीतनं बघत होता. गोळी एक झाडली नाही."

मी जप्त केलेली रायफल, पंच आणि जमीनदार यांना घेऊन शेतात गेलो. कळक उभेच होते. रायफलीवर नवी परदेशी दुर्बीण.

"आम्ही अडाणी," मी म्हटलं. "हे कसं चालतं ते सांगा तरी."

माणसाला शिकवायची हौस फार. चौकशीत ती मला काठीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

"काचेत रेघा आहेत," तो म्हणाला. "दोरीनं अंतर मोजून कळक रोवायचा, तो किती रेघांत बसतो ते बघायचं. शंभर मीटरवर जितक्या, दोनशेवर त्याच्या निम्म्या. मग तेवढ्या उंचीचं काही दिसलं की रेघांवरनं अंतर कळतं."

"तेवढ्याच उंचीचं?"

"तर. उंची ठाऊक नसली तर सगळं फुकट."

मी टोपी काढून कळकाला पाठ लावून उभा राहिलो.

"राव, तुमचं डुक्कर माझ्या कानाला लागतंय."

तो हसला. मग पंचांकडे बघून म्हणाला, "पाणी मिळेल का?"

रागानं सुटलेली गोळी मी पाहिली आहे, भीतीनं सुटलेलीही. पण अंतर मोजणाऱ्याला समोर काय आहे हे आधीच ठाऊक असतं. त्याच्या गोळीला अपघात म्हणू नये, एवढं मी त्या दिवशी शिकलो. साहेबांनी दोनदा समजावलं. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांसह तंजावूरच्या इस्पितळात गेलो. एक कळक कुळाच्या शेजारी खाटेवर आडवा ठेवला, बूड त्याच्या धड पायाच्या टाचेशी लावलं. टोक बरोबर डोक्याशी आलं.

"हे काय, अय्या?"

"तुझ्या शेतातला आहे," मी म्हटलं आणि पंचनामा सांगायला घेतला.