लाडूमामाची मिठाची खोली

जोयड्याच्या पुढं जंगलात दहा-बारा घरांची एक वाडी आहे, तिथं लाडू वेळीप राहतो. मी त्याला मामा म्हणतो. नात्यानं नव्हे, रामनगर-जोयडा जीप चालवणाऱ्याला वाटेवरच्या सगळ्यांनाच काही ना काही म्हणावं लागतं. मामा कुणबी. थोडं भात पिकवतो आणि उरलेल्या दिवसांत लोकांच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती घालतो. त्यानं घातलेली भिंत लांबूनही ओळखू येते, इतकी ती सरळ असते, आणि सांध्यात सुई शिरत नाही. बोलायला मात्र महाकंजूष. जाताना काही विचारलं तर उत्तर परतीच्या खेपेला मिळायचं.

केशरमामी त्याची बायको. मूलबाळ नाही, दोघंच. मामीला दमा होता. तीस वर्षं बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात ओली लाकडं फुंकल्यावर दुसरं काय होणार. तिचा श्वासाचा निळा पंप मी दर महिन्याला रामनगरच्या मेडिकलमधून नेऊन द्यायचो. कधीतरी नेमका तिला दम लागलेला असताना मी पोचायचो. ती दाराच्या चौकटीला धरून बसलेली असे, खांदे वर-खाली होत असत, आणि मामा तिची पाठ चोळत माझ्याकडं बघत राही. जणू माझ्या जीपमध्ये त्यावर काही औषध असावं. त्या माणसाला आयुष्यात एवढंच हवं होतं, की बायकोला एक अख्खी रात्र आडवं होऊन झोपता यावं. मला ते ठाऊक होतं. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

वाडीपासून दोन मैलांवर एक रिसॉर्ट आहे. मालक शिवानंद साहेब, हुबळीकडचे. लोक तिथं झाडं बघायला येतात, आणि झाडं बघून झाली की कंटाळतात, म्हणून साहेब दर वर्षी काहीतरी नवीन काढतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांनी मिठाची खोली काढली. खोलीच्या भिंती मिठाच्या विटांच्या, जमिनीवर मिठाचे खडे, आत आरामखुर्च्या. आत बसून नुसता श्वास घ्यायचा. त्या गुलाबी विटांच्या पेट्या रामनगरहून मीच वाहून नेल्या. मीठ कसलं, तर हिमालयातलं. समुद्र आमच्यापासून दोन-अडीच तासांवर आणि मीठ हिमालयातून, यावर मी आठवडाभर सगळ्या पॅसेंजरांना हसवलं.

भिंत घालायला मामाला बोलावलं. आता, चिरा लावायच्या आधी भिजवतात. कोरडा चिरा गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि सांधा धरत नाही. चाळीस वर्षांची सवय. बंगळूरहून आलेला तंत्रज्ञ जेवायला गेला तेवढ्यात मामानं पंधरा-वीस विटा पाण्याच्या टाकीत सोडल्या. तो परत येईपर्यंत त्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. तंत्रज्ञ डोक्याला हात लावून बसला. मामानं बोट चाटून बघितलं आणि म्हणाला, "मीठच हाय की हे." त्या विटा आणि वाटेत फुटलेल्या विटा मागच्या बाजूला प्लॅस्टिकखाली टाकून दिल्या. बाकीची भिंत मात्र मामानं अशी घातली, की तंत्रज्ञानं तिचे फोटो काढून नेले.

खोलीत दोन मशीनं होती. एक मिठाची बारीक भुकटी हवेत सोडायचं, दुसरं हवेतलं पाणी ओढून बादलीत काढायचं. ती बादली रोज ओतणं, खोली झाडणं आणि पाहुण्यांची बैठक चालू असताना दाराबाहेर बसणं हे काम साहेबांनी मामालाच दिलं. बैठक पंचेचाळीस मिनिटांची. साहेबांनी बजावून ठेवलं होतं, मध्ये दार उघडायचं नाही, हवा बिघडते.

दारावर मोठा फलक लागला. मामानं मला तो वाचायला लावला. त्यात सर्दी होती, त्वचा होती, झोप होती, आणि चौथ्या ओळीत दमा होता. मामानं साहेबांना विचारलं, "हे दम्याला लागू पडतंय?" साहेब फोनवर बोलत होते. ते म्हणाले, "पडतं की. फार फरक पडतो." मी तिथंच उभा होतो.

साहेब माणूस वाईट नाहीत. उळवीच्या जत्रेच्या आठवड्यात रिसॉर्ट रिकामं होतं, तेव्हा त्यांनीच सांगितलं, मामीला घेऊन ये. मामी नवं लुगडं नेसून गेली. पंचेचाळीस मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "छाती हलकी झाली बघा." होणारच हलकी. जन्मात पहिल्यांदा ती अशा खोलीत बसली होती, जिथं धूर नव्हता, ओल नव्हती आणि उठून कुणाला जेवायला वाढायचं नव्हतं. हे मला आज सुचतं. त्या दिवशी मी म्हणालो, "मामी, तुझा रंगबी उजळला," आणि ती लाजली.

नंतर सीझन सुरू झाला, पुन्हा जायला मिळेना. पावसाच्या तोंडावर मामानं साहेबांकडं त्या टाकलेल्या विटा मागितल्या. साहेब म्हणाले, ने, तेवढीच जागा मोकळी होईल. त्याही मीच वाहून नेल्या.

मामानं घराला लागून असलेल्या भात साठवायच्या खोलीत आपली मिठाची खोली केली. खोली एवढीशी, एक माणूस पाय पसरून बसेल इतकीच. विटा एकाच भिंतीला पुरल्या, बाकी तीन भिंतींना त्यानं खड्याच्या मिठाची पोती रचली. पण खरं काम त्यानं केलं ते फटींचं. हवा बिघडू नये म्हणून कौलांखाली प्लॅस्टिक ताणलं, वासे आणि भिंतीमधल्या फटी माती-शेणानं लिंपल्या, दाराच्या कडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या मारल्या. आमच्याकडच्या घरात एवढी बंद खोली मी कधी बघितली नव्हती. मी म्हणालो, "मामा, डास आत शिरला तर तिकीट काढून बाहेर पडावं लागंल त्याला." तो हसला. तो क्वचित हसायचा.

जून सरता सरता मामी मला म्हणाली, पंप या महिन्याला नको, अर्धा शिल्लक हाय. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं, की मिठात काहीतरी आहे.

पण मग पावसानं झड धरली. जोयड्याचा पाऊस म्हणजे उशीसुद्धा पिळून घ्यावी असा. मिठाच्या भिंती रडायला लागल्या. जमिनीवर खारं पाणी साचलं. रिसॉर्टवरचं पाणी ओढणारं मशीन मामाकडं कुठलं असणार, आणि असतं तरी वीज दिवसातून तीन तास. मग पावसात आम्ही सगळे जे करतो तेच त्यानं केलं. आमच्याकडं मिठाचं मडकं चुलीवरच्या फळीवर असतं, सुपारी निखाऱ्यांवर वाळते, कपडे निखाऱ्यांवर वाळतात, बाळंतिणीच्या खाटेखालीसुद्धा निखारे ठेवतात. मामा सकाळी घमेलंभर निखारे त्या खोलीत ठेवायचा, भिंती सुकल्या की घमेलं बाहेर काढायचा आणि मग मामीला आत बसवायचा. आठ-दहा दिवस ते जमलं.

त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता. घमेलं बाहेर काढलं की भिंत परत ओली व्हायची. मामानं ठरवलं, आज घमेलं आतच राहू द्यायचं. त्यानं काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. मामीला धूर सोसत नाही, म्हणून त्यानं अंगणातल्या पडवीत बसून निखारे फुंकून फुंकून लालभडक केले, धुराची एक रेघ उठत नाही ना ते बघितलं, आणि मगच ते आत नेऊन ठेवले. मामी आत बसली. त्यानं दार लावलं आणि रिसॉर्टवर बसायचा तसा बाहेर बसला. मोबाईलवर पंचेचाळीस मिनिटांचा गजर लावला होता. गजर झाला तेव्हा त्यानं दार उघडलं.

त्याचा फोन आला तेव्हा मी जोयड्याच्या स्टँडवर होतो. अर्ध्या तासात पोचलो. मामी पडवीत चटईवर होती, तोंडावर पावसाचे थेंब, आणि गाल असे लाल की क्षणभर मला वाटलं ती बरी आहे. तिला दवाखान्यात नेलं. नेण्यात अर्थ नव्हता, पण मामाच्या समोर ते म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सगळं विचारून घेतलं. मामा एकच सांगत होता, "धूर नव्हता बाई. जरासाबी नव्हता."

त्या म्हणाल्या, "धूर असता तर ती उठून बाहेर आली असती. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, वास येत नाही. झोप आल्यासारखं वाटतं."

"बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतोय की आम्ही."

"तुमच्या घरांना फटी असतात," त्या म्हणाल्या.

मामानं मान हलवली. त्याला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शेजारी उभा होतो, आणि ते बघणं माझ्या वाट्याला यायला नको होतं. दुसऱ्या कुणी ती खोली लिंपली असती तर कुठंतरी बोटभर फट राहिली असती. मामाच्या हातून काम असं होत नाही.

पोलीस आले, लिहून घेऊन गेले. शिवानंद साहेब बाराव्याला आले, मामाजवळ बराच वेळ बसले, आणि निघताना माझ्याजवळ म्हणाले, "आमचं शास्त्रीय आहे हो, मशीन आहे. यानं हे घरी कशाला करायचं?" मला अजून राग येतो. फलकावर येतो, साहेबांच्या त्या फोनवरच्या चार शब्दांवर येतो, आणि विटा वाहून नेणाऱ्या माझ्यावर येतो. दमा त्या फलकावर अजून चौथ्याच ओळीत आहे.

तेराव्यानंतर मामा कामावर गेला. साहेबांनीच बोलावलं, म्हणाले, घरी एकटा बसून काय करणार. बादली ओतणं, झाडणं, दाराबाहेर बसणं, सगळं पहिल्यासारखं. महिनाभरानं साहेबांचा मला फोन आला. "विनायक, तू जरा त्याला समजाव. पाहुणे तक्रार करतायत. दर दोन-तीन मिनिटांनी दार उघडतो आणि विचारतो, बरं हाय न्हवं? कुणी डोळे मिटून पडलेलं असलं तर खांदा हलवून उठवतो. परवा पुण्याच्या एक बाई घाबरून किंचाळल्या."

मी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी साहेबांनी त्याला खोलीवरून काढून बागेत लावलं, आणि दाराबाहेर दुसरा माणूस बसवला. मामा बागेतून उठून जायचा आणि त्या माणसादेखत दार उघडायचा. मग साहेब म्हणाले, थोडे दिवस घरीच राहा, मी बोलावतो. त्या दुपारी त्याला घरी सोडायला मी गेलो.

जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "मामा, तिथं निखारे नसतात. मशीन असतंय. कुणाला काय होणार न्हाई तिथं."

"ठावं हाय मला."

"मग दार कशाला उघडतोस?"

"आतून आवाज आला न्हाई की उघडतो."

मी गाडी हळू केली. पुढं खड्डा होता म्हणून केली, दुसऱ्या कशासाठी नाही. तो समोर काचेकडं बघत होता.

"त्या दिवशी ती आत खोकलत हुती," तो म्हणाला. "मी भाईर बसून ऐकत हुतो. मग खोकला कमी झाला. मग थांबला. एवढ्या वर्सांत असा कधी थांबलेला न्हाई. मला वाटलं, मीठ लागू पडलं. मोबाईलवर बघितलो तर अजून वीस मिंटं हुती."

खड्डा मागं गेला तरी मी गाडी हळूच ठेवली.

"ती वीस मिंटं मी भाईर बसून खूश हुतो, विनायक."